खाकी कव्हराच्या आत

मित्रांनो, मी एक जुनी अमेरिकन कादंबरी आहे. माझ्या खाकी कव्हरवर मात्र ‘विज्ञान’ असे लिहिले होते. असे का, ते सांगते.

महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी अमेरिकेतल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्या गोष्टीत गोऱ्यांच्या वस्तीत एक काळे कुटुंब राहायला येते. त्यांच्या घरावर दगड पडतात आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. “उगाच कशाला,” असे म्हणतात. एका शाळेतल्या मुलांनी मला वाचून वाचून खिळखिळे केले. मग काही पालकांना मी नकोशी झाले आणि ग्रंथालयातून मला काढून टाकले. जुन्या पुस्तकांच्या खोक्यातून मी समुद्र ओलांडला आणि दुबईतल्या अल क्वोज भागात, एका गोदामात धूळ खात पडले. तिथून मृणालिनीताईंनी मला शारजाच्या घरी, त्यांच्या लेकीसाठी, इरासाठी आणले.

माझ्या मुखपृष्ठावर दगड घेतलेला जमाव आहे. तो पाहून इराचे बाबा, सुजीत, दचकले.

“कोणी बघितलं, विचारलं तर? आपण इथे व्हिसावर आहोत. उगाच कशाला?”

“इट्स जस्ट अ स्टोरी, बाबा,” इरा म्हणाली. तरी त्यांनी मला शाळेच्या पुस्तकांसारखे कव्हर घातले आणि वर तो खोटा विषय लिहिला. माझ्या पानांतले शेजारी मला या घरात भेटले, आणि मी घाबरले.

परीक्षा संपली. इराची पुस्तके दरवर्षी शेजारच्या सायराभाभींच्या कशफला जातात. बाबांनी सगळी खाकी पुस्तके पिशवीत भरली, त्यांत चुकून मीही गेले. कशफने मला उघडले.

“अम्मी, धिस इज नॉट सायन्स.”

सायराभाभींनी कव्हर उचकटले आणि त्या चित्राकडे बघत राहिल्या. आता तक्रार होणार, माझ्यामुळे इराच्या घरावर संकट येणार, असेच मला वाटले.

त्यांनी मला नेऊन इराच्या घराची बेल वाजवली. “सुजीतभाई, हे तुमचंच ना?”

बाबांचा चेहरा उतरला. “नाही, आमचं नाही. फेकून द्या.”

ग्रंथालयातून काढले तेव्हाही मला इतके लागले नव्हते.

मागून इरा आली. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी ती मुलगी मराठीत म्हणाली, “माझं आहे. अजून अर्धं वाचायचंय.”

“मग यल्ला, लवकर संपव,” सायराभाभी म्हणाल्या. “कशफ मागतेय.”

इराने कव्हर पुन्हा घातले आणि ‘विज्ञान’ खोडून तिथे माझे नाव लिहिले. बाबा बघत होते.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर जरूर घाला, आम्ही धुळीपासून वाचतो. पण वर आमचे खरे नाव लिहा. बेल वाजली की मला अजून धडकी भरते. पण कोणी विचारलेच, तर मी कोण आहे ते आता कव्हरवरच लिहिलेले आहे.