गंगम्माची गूळतुला

दुष्काळात सगळं गाव वाळलं आणि गंगम्मा तेवढी भरली, ही गोष्ट होन्नळवाडीत अजून हसत सांगतात.

बहात्तर साल. गंगम्मा नुकतीच शरणबसप्पाची बायको होऊन उमरग्याकडच्या या गावात आली होती. विहिरी कोरड्या ठाक, घरातल्या कणग्या रिकाम्या. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी बघून माणसं नाकं मुरडायची, पाण्याच्या घोटाबरोबर कशीबशी गिळायची. नवी सून मात्र लाल मिरचीच्या ठेच्याबरोबर तीन-तीन भाकऱ्या हाणायची आणि रस्त्याच्या कामावर खडीची पाटी अशी उचलायची, की मुकादम बघतच राहायचा. कामावर सुकडी, म्हणजे भाजल्या पिठाचा गोड खाऊ, वाटायचे, ती तेवढी तिला सोसायची नाही. पोटात कळ उठायची, म्हणून ती शेजारणीच्या लेकरांना देऊन टाकायची. बाकीच्या बायांच्या गालांची हाडं वर आली, हिच्या गालांवर लाली चढली.

"दुष्काळ मानवला गं हिला," असं म्हणून सासू नागम्मा कडाकडा बोटं मोडायची.

पुढं चांगले दिवस आले. गावच्या लोकांनी सोसायटी काढली, तलावातलं पाणी पाइपानं माळावर चढवलं. जिथं कुसळं उगवायची तिथं गहू डोलायला लागला. उसाला पाणी मिळालं, शरणबसप्पानं स्वतःचं गुऱ्हाळ घातलं. आता भाकरी खायची म्हणजे कमीपणा वाटू लागला. नागम्माच्या घरात दोन्ही वेळेला चपाती, सणाला गव्हाची खीर म्हणजे हुग्गी, पाहुणा आला की शेंगाची पोळी. आणि गंगम्मा वाळायला लागली.

पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, हातपाय काडीसारखे. जेवली की परसाकडं पळायची. केस मूठमूठ गळायचे. मनगटातली बांगडी सरकवली तर दंडापर्यंत जायची. काढे झाले, अंगारे झाले, कुणी सांगितलं म्हणून कबुतराचं पीसही उशाखाली ठेवून झालं. नागम्मा आणखी मायेनं चपातीला तूप लावायची आणि म्हणायची, "खा पोरी, खाल्ल्याबिगर अंगाला कसं लागंल?"

एका सोमवारी शरणबसप्पा वीरभद्राच्या देवळात जाऊन खांबाला डोकं टेकून उभा राहिला. "देवा, ही जगू दे. हिच्या वजनाएवढा गूळ तुझ्या जत्रंत वाटीन." पुजारी महालिंगप्पा स्वामींनी ते ऐकलं आणि बेल वाहून नवस पक्का केला. दुसऱ्या दिवशी नवराबायको एसटीनं सोलापूरला गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं विचारलं, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमची तब्येत याआधी चांगली कधी होती?"

"दुष्काळात," गंगम्मा म्हणाली.

बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. शरणबसप्पानं लाजून मान खाली घातली. बायको दुष्काळात बरी होती आणि सुकाळात मरायला टेकली, हे सांगायला नवऱ्याला काय तोंड?

"दुष्काळात काय खात होता?"

"लाल मिलोची भाकरी, बाई. दुसरं व्हतंच काय?"

"आणि गहू?"

"गव्हाचं दर्शनबी न्हवतं."

बाई खुर्चीवरून उठल्याच. नळी घालून आतड्याचा तुकडा काढला, तो तपासायला पाठवला. आठवड्यानं परत बोलावलं, तेव्हा त्यांचा चेहरा फुलून आला होता. आजाराचं नाव सिलिॲक. गव्हातला चिकटपणा हिच्या आतड्याला सोसत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद, जन्मभर.

"आन् भाकरी?" गंगम्मानं भीत भीत विचारलं.

"पोटभर खा!"

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नागम्मा भिंतीला टेकून खाली बसली. "शिवा शिवा! म्हंजी म्या पोरीला इख वाढत व्हते, वरनं तूप लावून!" त्या दिवसापासून त्या घरात गव्हाचं पोतं चुलीपासून लांब, माळवदाच्या खोलीत गेलं. ज्वारीसाठी जातं वेगळं, काटवट वेगळी. गंगम्माच्या तव्याला कुणी हात लावला की नागम्मा अंगावर धावून जायची.

आणि गंगम्मा भरायला लागली. महिन्याभरात गाल आले, सहा महिन्यांत दंड. दोन वर्षांत चोळीच्या बाह्या उसवायला लागल्या. नागम्माला आपल्या हातून झालेल्या चुकीची टोचणी लागली होती. ती भाकरीवर तुपाची वाटीच उपडी करायची, दुपारी दाण्याचा लाडू, रात्री झोपताना साईचं दूध. गंगम्मालाही वर्षानुवर्षांची भूक होती. ती खायची, ढेकर द्यायची, आणि पोटात कळ उठली नाही म्हणून आनंदानं पुन्हा खायची. शेवटी धार काढायला खाली बसली, की उठताना म्हशीच्या दाव्याला धरून उठायची वेळ आली.

दिवाळीनंतर ती तपासायला सोलापूरला गेली, तर डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "गंगाबाई, आता थांबा. बारा-तेरा किलो उतरवा, नाहीतर गुडघे बोलायला लागतील."

गुडघे आधीच बोलत होते. पण गंगम्मा खरी हादरली ती गावात परत आल्यावर. एसटीतून उतरते तोच महालिंगप्पा स्वामी समोर.

"या, गंगव्वा! शरणबसप्पाचा नवस राहिलाय. चैत्राच्या जत्रंत गूळतुला करून टाकू."

"कुणाची तुला?"

"तुमचीच की!"

घरी येऊन तिनं नवऱ्याला धरलं. शरणबसप्पा खालमानेनं म्हणाला, "गंगे, नवस केला तवा तू चिपाडावानी व्हतीस. मला काय ठावं..."

"काय ठावं? बोला की!"

त्यानं दोन्ही हात पसरून बायकोच्या रुंदीचा अंदाज दाखवला, तेव्हा तिनं उशी फेकून मारली. मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही. साऱ्या गावासमोर, पाच गावांच्या पाहुण्यांसमोर आपण तराजूत बसायचं आणि लोक ढेपा मोजणार!

तिनं ठरवलं, वजन उतरवायचं. गावानं मात्र उलटंच ठरवलं होतं. गंगव्वा जितकी जड तितका गूळ जास्त, हा हिशेब शेंबड्या पोरालाही कळत होता. दुसऱ्या दिवसापासून घरी रीघ लागली. कुणी दाण्याचे लाडू आणले, कुणी खवा. रिकाम्या हातानं कुणी आलंच नाही. "तुमच्या पथ्याचंच हाय गंगव्वा, गव्हाचा कणबी न्हाय!" एवढी काळजी सगळे घ्यायचे. आजारपणात जिच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं, तिची ख्यालीखुशाली आता रोज विचारली जायची. पाणवठ्यावर बाया तिच्या दंडाला हात लावून समाधानानं मान हलवायच्या.

तिच्या बाजूनं बोलला तो एकटा बंडप्पा, सोसायटीचा चेअरमन. तो म्हणाला, "वहिनी, जवाचं पाणी प्या. चरबी झडती. म्या वाचलंय."

गव्हाचं नाव नाही म्हणून गंगम्मानं जव उकळून ते पाणी तांब्यातांब्यानं प्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, कळा सुरू, परसाकडं फेऱ्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या नावांत जव होता की नव्हता हे तिला आठवेना. शरणबसप्पानं पोस्टातून फोन लावला, तर पलीकडून बाई ओरडल्याच, "अहो, जव म्हणजे गव्हाचा सख्खा भाऊ! ताबडतोब बंद करा!"

पाणी बंद झालं, पोट ताळ्यावर आलं. पण त्या आजारपणात एक गोष्ट गंगम्माच्या ध्यानात आली. चोळी सैल झाली होती.

तो विचार डोक्यातून जाईना. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून ती माळवदाच्या खोलीतून गव्हाचं पीठ घेऊन आली, चपाती लाटली आणि भाजून समोर ठेवली. किती दिवसांनी तो वास! तुकडा मोडून तोंडाजवळ नेला, तोच दारात नागम्मा.

"काय करतीस गं?"

"अत्ती," ती सासूला कानडी रीतीनं अत्ती म्हणायची, "चारच दिस खाते. झटक्यात वजन उतरंल. जत्रा झाली की सोडते."

नागम्मानं तिच्या हातातला तुकडा हिसकला, ताटातली चपाती उचलली आणि सगळं परसात गायीपुढं टाकलं. परत आली आणि दोन्ही हात सुनेपुढं धरले.

"तुला उचलून परसाकडं न्हेलंय म्या, ह्या हातांनी. ओल्या लुगड्याएवढं वजन व्हतं तुझं. ते वजन पुन्हा उचलायला लावू नगंस मला. माझ्यात ताकद न्हाय आता."

दोघी चुलीपाशी बसून राहिल्या. मग गंगम्मा डोळे पुसत म्हणाली, "मंग तुमी तूप थांबवा की, अत्ती."

"तूप?" नागम्मा दचकली. तुझं नाक काप म्हटल्यासारखा तिचा चेहरा झाला. "सगळं?"

"सगळं."

"भाकरीवरचं न्हाय. खिचडीवरचं थांबवते."

"दोन्ही."

"चमचाभर."

"अर्धा."

"बरं, अर्धा," नागम्मा म्हणाली, आणि दोघींना असं हसू आलं, की बाहेरून आलेला शरणबसप्पा दारातूनच मागं फिरला.

तेव्हापासून सासूच सुनेची पाठीराखी झाली. ताटात एक भाकरी, अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं आणि वाटी वाटी ताक. सकाळी दोघी शेताची वाट धरायच्या. नागम्मा साठी ओलांडलेली, पण टणाटणा पुढं चालायची आणि वळून म्हणायची, "चल की गं, म्हस पण तुझ्यापरीस लवकर येती!" माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी आली. एरवी सून सावलीत बसून पेंढ्या मोजायची. यंदा ती पातीवर उभी राहिली आणि मुळासकट ज्वारी उपटायला लागली. पहिल्या दिवशी पाठ मोडली, रात्री नागम्मानं तेल चोळलं. मग मात्र अंगात दुष्काळातली गंगी परत आली. गडीमाणसं पातीत मागं पडायला लागली. ती उपटत जायची आणि नागम्मा बांधावरून ओरडायची, "हां, अस्सं! उतरली बघ एक ढेप!"

आणि लाडू घेऊन येणारी माणसं? नागम्मा उलथनं घेऊन दारात बसायची. "ठेव तिथं आन् जा," असं म्हणून डबे ठेवून घ्यायची आणि संध्याकाळी शाळेतल्या पोरांना वाटून टाकायची.

चैत्रात जत्रा भरली. देवळापुढच्या चिंचेला वखारीतला मोठा तराजू टांगला. शरणबसप्पानं बैलगाडी भरून पिवळ्याधमक ढेपा आणल्या होत्या. गंगम्मा हिरवं इरकल नेसून आली आणि गर्दीतून एक कुजबुज सरकत गेली. बाई भरलेलीच होती, पण आटोपशीर. पायऱ्या कुणाचा हात न धरता चढली होती.

ती पारड्यात बसली. स्वामींनी मंत्र म्हटले. पहिली ढेप पडली, दुसरी, तिसरी. पोरं मोठ्यानं मोजत होती. सहावी पडली मात्र, गंगम्माचं पारडं अलगद जमिनीवरून उचललं गेलं आणि हवेत झुललं.

हलगी वाजायची थांबली. गाडीत अजून अर्धा ढीग तसाच होता.

"एवढ्यातच?" मागून कुणीतरी म्हणालं. एक म्हातारा उघड उघड हळहळला, "आवं, दिवाळीला किती चांगली व्हती!" बंडप्पानं तर दोरी कुठं अडकलीय का बघायला वर मान केली. गंगम्माला वाटलं आनंदानं टाळी वाजवावी. पण समोर लाळ गाळत उभी असलेली पोरं दिसली आणि तिलाच चोरट्यासारखं झालं.

तोच नागम्मा उठली. पदर खोचला, गर्दी बाजूला सारली आणि तराजूपाशी येऊन म्हणाली, "सर तिकडं."

"अत्ती! काय करताय?"

"आगं सर की!" आणि ती म्हातारी पारड्याची साखळी धरून सरळ सुनेच्या मांडीवर जाऊन बसली. पारडं धप्पकन जमिनीवर आलं. मग असा हलकल्लोळ उठला, की चिंचेवरचे कावळे उडाले. हलगी कडाडली.

"अव्वा, नवस तुझा न्हाय!" शरणबसप्पा ओरडला.

"माझा कसा न्हाय?" नागम्मा वरच्या पट्टीत म्हणाली. "सून जगली ती तुझ्या एकट्याची व्हय रं? टाक ढेपा!"

सातवी पडली, आठवी, नववी. "म्हातारी दिसायला काटकी, पण लई जड हाय!" लोक ओरडत होते. दहावीला पारडं हललं. गंगम्मा इतकी हसत होती, की तिच्या हसण्यानंच पारडं वरखाली व्हायचं आणि स्वामी म्हणायचे, "स्थिर बसा, गंगव्वा, काटा जुळंना!" त्यावर तिला आणखीच हसू यायचं. अकरावी ढेप पडली आणि सासूसून दोघी मिळून हवेत उचलल्या गेल्या.

गूळ फोडायला सुरुवात झाली. पोरांची झुंबड उडाली, ढेपांचे तुकडे, चिकट हात, चिकट गाल. तराजूकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. दोघी अजून वरच झुलत होत्या.

"अत्ती," गंगम्मा डोळे पुसत म्हणाली, "उतरा आता. माझ्या मांडीला मुंग्या आल्यात."

नागम्मानं दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या आणि पाय जरासे हलवले.

"थांब गं," ती म्हणाली, "वारं गार लागतंय."