लहेरिया

सकाळी अकरा वाजता गिऱ्हाईक हंसाबेननी ताट परत आणलं. भाईंदर पूर्वेचं गुणवंतशेठचं भांड्यांचं दुकान, १९९४ ची लग्नसराई.

"शेठ, ये नाम देखो. थाली पे साप चलके गया क्या?"

शेठनी ताट उजेडात धरलं, मग दशरथकडे पाहिलं. दशरथ दाराजवळच्या स्टुलावर बसून भांड्यांवर नावं घालायचा. सोळा वर्षं लालबागला, पाच वर्षं इथे. अक्षर छापल्यासारखं. पण दिवाळीपासून उजवा हात थरथरत होता आणि मशीनची सुई स्टीलवर नागमोडी जात होती. आदल्याच आठवड्यात शेठ म्हणाले होते, "दशरथभाई, अब एक भी बर्तन वापस आया तो मेरे को दूसरा आदमी देखना पडेगा."

नेमका तेव्हाच महिपत पायरी चढून आत आला. दशरथने तोंड फिरवलं.

महिपत जवळच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश मारायचा आणि माल पोचवायला दुकानात यायचा. तो खोटं बोलायचा. त्याला कारण लागत नसे. डब्यात भेंडी असली तर सुरमई सांगायचा. जेसल पार्कला फ्लॅट बुक केल्याचं तीन वर्षं सांगत होता. दशरथ हसून त्याला दुरुस्त करायचा. पण हाताचं कळल्यावर महिपतने छातीठोकपणे सांगितलं होतं, "पेणकरपाड्यात स्पेशालिस्ट आहे. माझा मावसभाऊच." रविवारी दशरथ भर उन्हात अख्खा पाडा फिरला. शेवटी अंगणात मिरच्या वाळवणारी म्हातारी म्हणाली, "असा डाक्टर हितं न्हाय, बाबा. कुनी सांगितला तुला?" त्या क्षणी दशरथने ठरवलं, या माणसाशी बोलणं बंद.

महिपतने शेठच्या हातातलं ताट घेतलं, लांब धरून पाहिलं.

"अरे वा! लहेरिया अक्षर! दशरथ, हे इथे कधीपासून करायला लागलास?"

"क्या लहेरिया?" हंसाबेन म्हणाल्या.

"बेन, आपकी साडी पे है ना, वैसाच. दादर में अलग से ऑर्डर देना पडता है. पंधरा दिन का वेटिंग. सीधा अक्षर अब कौन डालता है?"

हंसाबेननी पदरावरच्या नागमोडी रेघा पाहिल्या, पुन्हा ताट पाहिलं. शेठ मात्र दशरथकडेच बघत होते.

"सच है, दशरथभाई?"

एका वेलांटीची चूक झाली तरी दशरथ आपण होऊन गिऱ्हाइकाला सांगायचा. त्याने महिपतकडे पाहिलं. महिपत कुकरच्या झाकणात स्वतःचे केस नीट करत होता.

"हां शेठ," दशरथ म्हणाला. "लहेरिया."

"तो बाकी की दस भी ऐसीच करो," हंसाबेन म्हणाल्या. "पण बधी सरखी जोईए हं!"

सगळी सारखी! थरथरता हात एकच लाट दहा वेळा कशी काढणार?

"हाथ का काम है, बेन," महिपत झाकण ठेवत म्हणाला. "सरखी तो छपाई की होती है."

दुपारी चहाच्या टपरीवर दशरथने महिपतकडे विषय काढला. "पेणकरपाड्यात तो डॉक्टर नाहीये."

"बदली झाली असेल."

"खाजगी डॉक्टरची?"

"आता त्याला मी काय करू? झाली."

दशरथला हसू आवरेना. मग ग्लास धरलेला हात थरथरून चहा बशीत सांडला. "महिपत, आज तू नसतास तर माझा हात..."

"कसला हात? अक्षरच तसं आहे तुझं." महिपत उठला. "चल, मला पळायला पाहिजे. कारखान्यात मंत्री येतायत."

कुठलाही मंत्री येणार नव्हता. दशरथने दोघांच्याही चहाचे पैसे दिले आणि पहिल्यांदाच त्याला दुरुस्त केलं नाही.

त्या उन्हाळ्यात बायका येऊन लहेरिया मागू लागल्या. सगळ्या नव्हेत, पण स्टूल टिकेल इतक्या.

१९९७ च्या मार्चमध्ये महिपतचा कारखाना बंद पडला. जाताना तो दुकानात आला, एक तांब्या निवडला. "रायगडात गावी घर बांधलंय. वास्तुशांत आहे. नाव घालून ठेव, आठ दिवसांत येऊन नेतो."

"किती खोल्यांचं?" दशरथने विचारलं.

"चार. माडी वेगळी."

दशरथने नाव घातलं. तारीख माल नेतानाच घालायची, ही त्याची पद्धत. नावाखाली तेवढी जागा सोडली. त्या गावाकडच्या एका माणसाने नंतर सांगितलं, तिथे घरबिर काही दिसलं नाही. दुसऱ्याने सांगितलं, चौथरा झालाय.

दर शनिवारी दशरथ तांब्या फळीवरून खाली काढून पुसतो. १९९८ ची दिवाळी आली, तरी तो न्यायला कोणी आलेलं नाही. तारखेची जागा तशीच आहे.