भुऱ्याच्या गळ्यातला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे मित्रांनो, आणि सध्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या पळसाखाली चुन्यामातीत पुरलेला आहे. इथे कसा आलो, ते ऐका.

मूळचा मी बैलाचा. माझा मालक लखीराम, त्याच्या आजोबांनी चामड्यावर कवड्या शिवून मला घडवलं. महागावच्या बाजारात लोक वळून पाहायचे. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि माझी रवानगी झाली भुऱ्या कुत्र्याच्या गळ्यात. अपमान वाटला, खोटं कशाला सांगू! पण भुऱ्याने मला लळा लावला.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक लाळ गाळणारं परकं कुत्रं त्याच्या अंगावर आलं. त्याचा एक दात माझ्यात रुतला, दुसरा भुऱ्याच्या मानेत.

"सुई देऊन आणा त्याले," चंदाबाई नवऱ्याला म्हणाली.

"घरच्या कुत्र्याले कायले सुई?" लखीराम हसला. जखम भरली, तसे सगळे विसरले. मी मात्र विसरलो नाही.

कापूस वेचणीला आला आणि भुऱ्या बदलला. बाजेखाली अंधारात लपायचा, हाक मारली तर गुरगुरायचा. भुंकणं घोगरं झालं. मग जबडाच लोंबू लागला. लाळेने मी चिंब झालो.

"हाडूक अडकलं वाटते," म्हणत चंदाबाईने त्याच्या तोंडात हात घातला.

मित्रांनो, तो गळा रात्रंदिवस माझ्या मिठीत होता. आत हाडूक नव्हतं. त्याला घोटच गिळता येत नव्हता! पण मी ओरडणार कसा?

भुऱ्या चावला नाही. चंदाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "हाडूक नाई दिसत. चावला तं नाई ना, मंग झालं."

तेवढ्यात तिची लेक बबिता आईला, म्हणजे तिच्या याडीला, हाक मारत धावत आली. "याडी, तुये हात पाह्य! कापसाच्या बोंडायनं सारे ओरबाडले हायेत. लाळ आत गेली अशीन!"

लखीराम जखमेत भरायला तिखट आणू लागला. बबिताने त्याला अडवलं, आईचे हात नळाखाली चांगला पाव तास साबणाने धुतले आणि तिला तडक सरकारी दवाखान्यात नेलं. भुऱ्याला गोठ्यात कोंडलं. चार दिवसांत तो गेला. पिसाळलाच होता, पट्ट्यासकट खोल पुरा, असं गुरांचे डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. वर पावलं वाजायची, पण चंदाबाईचा आवाज कधी नाही. पेरणी झाली, डवरणी झाली. लखीराम एकटाच यायचा आणि एकटाच जायचा. काय समजावं मी?

पुन्हा कापूस फुटला, तेव्हा पळसाखाली कुणीतरी येऊन बसलं.

"साऱ्या सुया घेतल्या रे भुऱ्या, पण इकडं यायची हिंमतच होत नव्हती." चंदाबाईच होती ती! जवळ एक पिल्लू कुईंकुईं करत होतं.

"याले बाजारातून पट्टा आणतो," लखीराम म्हणाला.

"पयले सुई. अन् ते बी दरसाल. मंग पट्टा."

लखीराम या वेळी हसला नाही.

मित्रांनो, कुत्रं कुणाचं आहे, एवढंच पट्टा सांगतो. त्याला वाचवते ती सुई. ती वेळेवर मिळाली असती, तर आज त्या पिल्लाने भुऱ्याच्या गळ्यातल्या माझ्या कवड्या चावल्या असत्या, आणि मी खुशाल चावू दिल्या असत्या.