बहुमताचा भुंगेरा

आमच्या लॉजमध्ये ढेकूण झाले आहेत. हे मी आज बिनधास्त लिहू शकते, कारण आता त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

सुरुवातीला मात्र हा शब्द घरात उच्चारायची चोरी होती. दादा गेल्यापासून या लॉजवरच वहिनीचं आणि माझं, म्हणजे तिच्या नणंदेचं, पोट चालतं. काउंटर माझ्याकडे, बाकी सगळं, त्यात शेवटचा शब्दही आला, वहिनीकडे.

"वहिनी, फवारणीवाल्याला बोलावू या," मी म्हटलं.

"आणि त्याची गाडी दारात दिसली की समोरचा लॉजवाला नाचेल. काही नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मूठ झाकलेलीच होती, फक्त आतलं गिऱ्हाइकांना चावत होतं.

ती उघडली मुक्कामाला उतरलेल्या एका औषधविक्रेत्याने. सकाळी मान खाजवत खाली आला आणि चकार शब्द न काढता निघून गेला. भांडणारं गिऱ्हाईक परवडतं, असं मुकाट जाणारं नाही. दुपारी कुणीतरी वहिनीच्या मोबाइलवर कीटक ओळखायच्या एका वेबसाइटचं पान पाठवलं. तिथे कोणीही किड्याचा फोटो टाकावा, तो सापडला ती जागा नकाशावर दाखवावी, आणि बाकीच्यांनी नाव सुचवावं. ज्या नावाला जास्त मतं, ते ठळक अक्षरांत झळकणार. फोटोत आमच्याच लॉजचा शिक्का असलेल्या पांढऱ्या अभ्र्यावर एक तांबूस गृहस्थ ऐसपैस बसले होते. खाली एका बाईंनी लिहिलं होतं, "ढेकूण. वादच नाही."

तेवढं एकच मत होतं. वहिनीचे डोळे चमकले.

"म्हणजे दुसऱ्या नावाला जास्त मतं पडली, की हा ढेकूण राहत नाही?"

"वहिनी, तो ढेकूणच राहतो."

"पाचामुखी परमेश्वर असतो, बाई. गप्प बस."

मग पडद्याचं कापड निवडावं तसा तिने त्या साइटवरून किडा निवडला. सालभुंगेरा: चपटा, तांबूस, झाडाच्या सालीखाली राहणारा, अत्यंत दुर्मिळ. खाली लिहिलं होतं, चावत नाही. हे तिला फारच आवडलं. तिने स्वतःच्या नावाने मत दिलं, मग मावशीच्या, दोन्ही मामांच्या, मला न विचारता माझ्याही नावाने. माझ्या वडिलांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांनीही भुंगेऱ्यालाच मत दिलं. हयातीत त्यांनी सुनेचं काही म्हणून ऐकलं नव्हतं.

उरलेलं काम तज्ज्ञांनी केलं. साइटवर टोपीवाले सर म्हणून एक बडं प्रस्थ होतं. फोटोत टोपी, नावापुढे सोनेरी तारे. सकाळचा चहा संपेपर्यंत शेकड्याने किडे ओळखून मोकळे व्हायचे. त्यांनी आमच्या कुटुंबाची मतं पाहिली, "अभिनंदन! महत्त्वाची नोंद" असं लिहिलं आणि पुढच्या किड्याकडे वळले. सर म्हणतात म्हटल्यावर इतरांनी फोटो बघायची तसदी कशाला घ्यावी? भराभर मतं पडली. त्या एकट्या बाईंना तर सरांनी उत्तर दिलं, "ताई, आधी थोडा अभ्यास करा."

आणि खोल्या भरल्या! भिंगं, टॉर्च, हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन माणसं येऊ लागली. सर स्वतः आले, टोपीसकट. वहिनीने लगोलग दर वाढवले.

मी चहा घेऊन गेले तेव्हा सर पलंगाच्या सांध्यात भिंग लावून बसले होते. बघता बघता त्यांचा चेहरा पडला. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळल्याचं मला कळलं.

"काय सर, भुंगेराच ना?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे त्यांची शिष्यमंडळी दाटीवाटीने उभी होती. सरांनी टोपी सारखी केली.

"प्रश्नच नाही. फक्त याने साल सोडून गादी धरली आहे. यावर स्वतंत्र लेख होईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग खाजवल्या. दुसऱ्या दिवशी मंडळी बॅगा उचलून आपापल्या गावी गेली. लवकरच साइटच्या नकाशावर सालभुंगेऱ्याच्या नव्या खुणा उमटू लागल्या, त्याही नेमक्या त्यांच्याच गावांत. "दुर्मिळ प्रजातीचा आनंददायक प्रसार," असं सरांनी लिहिलं. सोबतचा फोटो त्यांच्या घरच्या दिवाणाचा होता.

मग एका सकाळी वहिनीच दंड खाजवत काउंटरवर आली. ती अजून दादाच्याच पलंगावर झोपते. तो पलंग तिने कुणाला हलवू दिलेला नाही. तिचा रडवेला चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"बोलाव त्याला," ती म्हणाली. "गाडी दारात उभी राहू दे, नाही तर भोंगा वाजवत येऊ दे."

फवारणीवाला आला, पण पंप खाली ठेवून मोबाइल बघत उभा राहिला.

"हा दुर्मिळ किडा आहे, बाई. मारला तर माझा परवाना जाईल."

"अहो, डोळे आहेत ना तुम्हाला? ढेकूण आहे हा, ढेकूण!" वहिनी इतक्या मोठ्याने ओरडली, की समोरचा लॉजवाला बाहेर आला.

"मला दिसतंय हो. पण तिथे तसं लिहिलंय ना. नाव बदलून आणा, लगेच फवारतो."

वहिनीने घरच्या सगळ्यांची मतं मागे घेतली, अगदी वडिलांचंसुद्धा. पण आता आमच्या मतांवाचून भुंगेऱ्याचं काही अडत नव्हतं. मग तिने स्वतःच्या नावाने लिहिलं, "मी या लॉजची मालकीण. हे ढेकूण आहेत. मला चावतात."

सरांचं उत्तर तत्काळ आलं. "ताई, आधी थोडा अभ्यास करा."

ढेकणाच्या बाजूने आज तीन मतं आहेत: त्या पहिल्या बाई, वहिनी आणि मी. आम्ही दोघी काउंटरमागे खुर्च्यांत झोपतो. लॉज गच्च भरलेला असतो. सकाळी खाली येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी मोठ्या आशेने विचारते, "काही चावलं का हो?"

आणि प्रत्येकजण मान खाजवत सांगतो, "छे! सालभुंगेरा चावत नाही."