वर्षालीची कंबर

"हे घ्या काकू, लेडीज सीट. पुरा सोफा आहे, सोफा!"

दुकानाचा मालक कुंदन याने स्प्रिंगांची एक जाडजूड सीट काउंटरवर धपकन ठेवली. वर्षालीने ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि तशीच परत ठेवली.

"लय जड हाये."

"मऊ पायजे तं जड राहीनच न काकू."

"मले नाल्यातून सायकल खांद्यावर न्या लागते, भाऊ. हलकी दाखव."

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर तिचा नवरा गोवर्धन एक्स-रेचं पाकीट धरून अवघडून उभा होता. चार दुकानं पलीकडच्या हाडांच्या डॉक्टरने नुकतंच स्वच्छ सांगितलं होतं, कंबर जपायची असेल तर सायकल बंद! तिथून निघून दोघांनी बसस्टँड गाठायचं ठरलं होतं. पण रस्त्यात हे दुकान दिसलं आणि वर्षाली कोणालाही न विचारता आत शिरली.

पातूरजवळच्या खेड्यात त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. मुलगा योगेश पुण्याला नोकरीला गेला आणि त्याची गिअरची सायकल अंगणात धूळ खात पडली. चाळिशी उलटलेल्या वर्षालीने ती पुसली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा थेट मळ्यात पोहोचली. तेव्हापासून पहाटे पांदणीच्या कच्च्या वाटेने मळा आणि उन्हं यायच्या आत डांबरी रस्त्याने पातूरचा बाजार, हे तिचं सुरू झालं. तोवर उभा जन्म कोणाच्या तरी मोटारसायकलची वाट पाहण्यात गेला होता. 'मले तेवढं सोडून देता का?' हे वाक्य बोलून बोलून तिची जीभ झिजली होती. सायकल आली आणि ते वाक्यच बंद झालं, आणि तेच घरातल्या काहींना खुपत होतं.

त्यात हे दुखणं निघालं. आता खरी गोष्ट सांगायची तर वर्षालीच्या कंबरेला काही म्हणता काही झालं नव्हतं. दुखत होतं ते बसायच्या जागी. पण बाईमाणसाने ते कोणत्या तोंडाने सांगायचं? सासूने, गोदाबाईंनी विचारलं, "काय दुखते वो?" ही म्हणाली, "कंबर." झालं! गोदाबाईंनी तेल चोळलं, अकोल्याच्या डॉक्टरने पट्टा दिला आणि आता अमरावतीच्या डॉक्टरने सायकलच काढून घेतली. धाकटा दीर किशोर तर टपूनच बसला होता. "या वयात बाईनं सायकल खेळू नये, मी पहिलेच म्हटलं होतं," असं म्हणत त्याने गिऱ्हाईकसुद्धा पाहून ठेवलं होतं. ते आज संध्याकाळी सायकल न्यायला येणार होतं.

"काकू, दुखते कुठं थे सांगा पहिले," कुंदन म्हणाला. "कंबर असन तं सीट बदलून उपेग नाई. मंग हँडल वर घ्या लागते."

वर्षाली पुन्हा ती जड सीट चाचपू लागली. बाजूला तंग चड्ड्या घातलेले दोन सायकलवाले गृहस्थ चेन बदलायला थांबले होते. त्यांनीही कान टवकारले.

"कंबरच हाये," पायरीवरून गोवर्धन म्हणाला. "डॉक्टरनं सांगतलं न. चाल, बस जाईन."

तेल, पट्टा, एक्स-रे! एका खोट्या शब्दावर केवढा हा बाजार मांडला होता सगळ्यांनी, आणि त्याच शब्दावर आज सायकल अंगणाबाहेर जाणार होती. वर्षालीला स्वतःचाच असा राग आला की आवाज आपोआप चढला.

"कंबर नाई! बसाले टेकतो न आपण, थ्या दोन हाडांवर दुखते. आन मधात बधिर होते. कंबर तं कधीच दुखली नाई मले."

दोघांपैकी एक गृहस्थ एकदम छताचा पंखा न्याहाळू लागला. गोवर्धनचे कान लाल झाले.

"अवं, हळू बोल!"

"काहून हळू? तुमाले दुखलं असतं तं गावभर बोंबलत फिरले असते तुमी."

कुंदनचा चेहरा मात्र उजळला. "हे पहिलेच सांगाचं न, काकू!" त्याने खोक्याचा नळीदार पुठ्ठा फाडून बाकावर अंथरला. "याच्यावर दाबून बसाचं. हाडांचे खड्डे पडते, त्या मापाची सीट." मग तोच चाचरला. "म्हणजे... घरून बसून आणला तरी चालन."

"घरून कायले?"

निऱ्या सावरून ती भर दुकानात पुठ्ठ्यावर बसली, चांगली ऐसपैस. उठली तेव्हा पुठ्ठ्यात दोन खळगे पडलेले. कुंदनने टेप लावला, सायकल कोणाची, कोणती, ते विचारून घेतलं.

"पाहा, तुमच्या पोराची सीट बारीक. तुमचे हाडं तिच्यावर टेकतच नाई, बाहेर जाते. आन या सोफ्यात रुतून बसले का मधात दाबते. तुमाले रुंद पायजे, पण टणक. मधात खाच असलेली."

त्याने आतून एक काळी, आखूड नाकाची सीट आणली. वर्षालीने ती एका हातात सहज तोलली.

"डांबरीवर चालन?"

"डांबरीवरबी, पांदणीतबी. खड्डा आला का बूड उचलाचं."

"थे येते मले."

पंखा पाहणारा गृहस्थ न राहवून म्हणाला, "पहिले काही दिवस हीपण दुखेल हं, ताई."

"दुखू द्या," वर्षाली म्हणाली. "आता कुठं दुखते थे सांगता येते मले."

बसमध्ये गोवर्धन अकोल्यापर्यंत तोंड फिरवून बसला. तिने त्याची समजूत काढली नाही.

घरी पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. अंगणात किशोर सायकलवर टांग टाकून गिऱ्हाइकाला गिअर दाखवत होता. ओसरीत गोदाबाई झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या.

"काय म्हणे डॉक्टर, वहिनी?" किशोरने विचारलं. "कंबर गेली न कामातून?"

"उतर खाली," वर्षाली म्हणाली. "सायकल विकाची नाई. कंबरेले काई झालं नाई माह्या. बूड दुखत होतं, सीट बदलून आणली."

गिऱ्हाईक खाकरलं, 'येतो मंग' म्हणून फाटकाबाहेर पडलं. किशोर तसाच सायकलवर, तोंड उघडं टाकून.

"कंबर नाई?" ओसरीतून गोदाबाईंनी विचारलं.

"नाई, आत्याबाई. लाजेपायी कंबर म्हटलं."

गोदाबाईंचा हात थांबला. त्यांची स्वतःची कंबर तर अख्ख्या भावकीला ठाऊक होती. लग्न असो की मयत, "मायची कंबर दुखते" म्हटलं की कोणी पुढे विचारत नसे.

"मलेबी कंबर नाई दुखत," त्या म्हणाल्या.

"मंग काय दुखते?" किशोरने विचारलं.

"अंग बाहेर येते माह्यं, गर्भाची पिशवी. तुया बाळंतपणापासून."

गोवर्धन फाटकातच खिळला. म्हातारीने दोन्ही पोरांकडे सरळ पाहिलं, मान खाली घातली नाही. मग त्या सुनेकडे वळल्या.

"अकोल्याले बाई-डॉक्टर असते का वो?"

"असते."

"उद्या चाल मंग. तिले म्या सोता सांगते."

किशोर सायकलवरून उतरला आणि ती हळूच भिंतीला लावली. गोदाबाईंनी सुई पुन्हा हातात घेतली आणि त्या फुलं ओवायला लागल्या.