उमेदवाराच्या समक्ष

इसवी सन एकोणीसशे त्रेसष्टच्या डिसेंबरातील एका रविवारी, बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ या गावी, हायस्कूलचे मुख्याध्यापक रमाकांत डोणगावकर यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठाचा छापील कागद दुसऱ्यांदा वाचून संपविला, त्याची पूर्वीची घडी पूर्वीसारखीच घातली आणि तो समोर बसलेल्या तरुणाला परत केला.

"हे मी असं लिहिणार नाही," ते म्हणाले.

तरुणाचे नाव वैजनाथ. तो त्यांचा जुना विद्यार्थी. नागपूरहून शेतकीची पदवी घेऊन नुकताच गावी आलेला. कपाशीच्या वाणांवर पुढचा अभ्यास करावा म्हणून त्याने त्या विद्यापीठाकडे अर्ज केला होता. तेथे त्या विषयासाठी परदेशचे दोनच विद्यार्थी घेत आणि त्यांचा सारा भार विद्यापीठ उचली. म्हणजे निवड झाली तर जाणे होते, न झाली तर दुसरा मार्ग नव्हता. अर्जासोबत तिघांची मते लागत. नागपूरच्या दोन प्राध्यापकांनी आपली धाडली होती. तिसरे मत शाळेच्या मुख्याध्यापकाचे हवे होते, आणि रमाकांतरावांचे नाव अर्जात लिहून गेलेले असल्यामुळे ते आता बदलता येत नव्हते.

रमाकांतरावांची हरकत मत देण्याला नव्हती. मत देण्याच्या रीतीला होती. कागदावर स्पष्ट छापले होते की, हे मत उमेदवारास दाखवू नये, लिफाफा चिकटवून त्याच्या तोंडावर सही करावी आणि तो परस्पर टपालात टाकावा. रमाकांतराव कित्येक वर्षे चारित्र्याचा प्रत्येक दाखला विद्यार्थ्याला समोर उभा करून मोठ्याने वाचून दाखवीत आले होते. आळशी मुलाला तो आळशी असल्याचे ऐकावे लागे, आणि मगच कागद त्याच्या हाती पडे. या रीतीला मुले भीत असत. परंतु त्यांच्या सहीचा दाखला खिशात घालून गेलेल्या मुलाला आपल्याविषयी कोठे काय लिहिले गेले असेल, हा घोर कधी लागला नाही. जे तोंडावर बोलवत नाही ते पाठीमागे बोलू नये, एवढाच त्यांचा सिद्धांत होता, आणि त्याला अपवाद असू शकतो हे त्यांना मान्य नव्हते.

वैजनाथने आपल्या परीने समजावून पाहिले. तिकडची रीतच तशी आहे. हजारो अर्ज येतात, सगळ्यांना सगळे चांगलेच म्हणतात, म्हणून उमेदवाराच्या नजरेआड लिहिलेल्या मतालाच ते लोक वजन देतात.

"म्हणजे समोरासमोर माणूस खोटंच बोलतो, असं त्यांनी धरून चाललंय."

"बोलतोच ना, सर."

"मी बोलत नाही."

"पण ते तुम्हाला ओळखत नाहीत, सर."

युक्तिवाद म्हणून ते उत्तर कच्चे नव्हते, हे रमाकांतरावांना कळत होते. तथापि, आपल्याला कोण ओळखतो यावर आपण कसे वागावे हे ठरू लागले तर वागण्याला अर्थच उरत नाही, असे ते म्हणाले.

वैजनाथच्या वडिलांचे नाव कारभारी; ते तोवर ओसरीच्या कडेला खांबाला टेकून बसले होते. वेचणीचे दिवस; शेतात बाया लावून ते तसेच आले होते, आणि धोतराला कापसाचे तंतू चिकटलेले होते. इंग्रजी कागदातले त्यांना काही कळत नव्हते, पण वाद कोठे अडला आहे ते त्यांनी बरोबर हेरले होते.

"मास्तर, मी एक बोलू का?" ते म्हणाले. "आपून सोयरीक कराले जातो, तवा पोरीची चौकशी शेजाऱ्यापाशी करतो. पोरीले बाजूले बसवून कोनी इचारते का? ते अमेरिकावाले बी तेच करून राह्यले. त्यात वाईट काय हाय? तुमी लिहा ना गुपचूप. आमाले काय करायचं आइकून?"

त्याच वेळी रमाकांतरावांची बहीण सिंधूताई चहाच्या कपबशा घेऊन दारात आली. कारभारींनी तिला पाहिले आणि मान खाली घातली. आपण काय बोलून बसलो, ते त्यांना उमगले.

सिंधूताईचे लग्न पुष्कळ वर्षांपूर्वी वाशीमच्या एका घरी ठरले होते. मुलाकडच्यांनी गावात चौकशी केली, आणि मुलीला फेफरे येते असे त्यांना कोणीतरी सांगितले. तिला तसला कोणताही आजार नव्हता. सांगणारा कोण, हे कधीच कळले नाही, त्यामुळे त्याला जाब विचारता आला नाही आणि खोडून काढावे असे काही कोणी समोर येऊन बोललेही नाही. पुढे आणखी दोन ठिकाणी बोलणी निघाली आणि काही कारण न सांगता बंद पडली. त्यानंतर सिंधूताई मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवू लागली. या गोष्टीचा उच्चार भावाने तिच्यापाशी कधी केला नव्हता, तिनेही केला नव्हता. दाखले वाचून दाखविण्याची रीत मात्र त्यानंतर सुरू झाली.

सिंधूताईने कपबशा ठेवल्या, कारभारींना शेताचे विचारले आणि ती आत गेली.

"मी लिहीन," रमाकांतराव म्हणाले. "पण तू इथंच बसायचं."

त्यांनी दौत-टाक घेतला आणि इंग्रजीत, एकही खाडाखोड न करता, दोन पृष्ठे लिहिली. मग ती मोठ्याने वाचली, आणि कारभारींसाठी प्रत्येक वाक्य मराठीत सांगितले. आपल्याला शिकवायला मिळालेल्या विद्यार्थ्यांत इतका प्रामाणिक निरीक्षक दुसरा आढळला नाही, असे त्यात होते. रोपाविषयी तो जे सांगेल ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, ऐकीव नसते, असे होते. पुढे लिहिले होते: त्याची चूक दाखविली तर तो वाद घालत नाही, गप्प होतो, आणि स्वतःला पटल्याखेरीज ती सुधारीत नाही.

"हे त्याच्या मायचं हाय," कारभारी म्हणाले. "आमच्या घरचं नाही."

वैजनाथ हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"इतकं चांगलं तुम्ही मला कधी म्हटलं नव्हतं, सर."

"कधी प्रसंग आला नव्हता."

शेवटी एक ओळ होती. हे मत उमेदवाराच्या व त्याच्या वडिलांच्या समक्ष लिहून त्यांना वाचून दाखविले आहे, अशी. ती ऐकून वैजनाथने मान वर केली. मत ऐकले ते ऐकले, तो म्हणाला. ती गोष्ट या ओसरीबाहेर जाणार नाही. फक्त ही ओळ गाळावी. बाकी एक अक्षरही बदलू नये; दोष लिहिला आहे तोसुद्धा राहू द्यावा.

"लिफाफ्यावर सही करायची म्हणजे हे गुप्त आहे अशी ग्वाही द्यायची. ओळ गाळली तर ती ग्वाही खोटी होते."

"सर, या एका ओळीनं ते पत्र बाजूला टाकतील. मले जायचं हाय, सर." नागपूरची चार वर्षे त्या एका वाक्यात गळून पडली.

रमाकांतरावांना मुलाचे भले नको होते असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनी ओळ तशीच ठेवली, लिफाफा चिकटविला, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पोस्टात जाऊन तो टाकला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कारभारी पुन्हा आले. या वेळी ते ओसरीवर चढले नाहीत.

"नाही म्हनले ते," त्यांनी सांगितले. "पोरगा उद्या बुलढान्याले जाऊन राह्यला. सरकारी शेतीखात्यात लागला. तुमाले सांगून ये म्हने."

रमाकांतरावांनी कारण विचारले.

"कारन नाही देल्लं. जागा थोड्या, मानसं लय, असं काई तरी हाय म्हने." ते जायला वळले. "तो काई बोलत नाही घरी. तुमी त्याच्यात लिहिलंच होतं तसं." आणि रामराम करून ते निघून गेले.

त्या संध्याकाळी सिंधूताई परसदारी सुपात तूर पाखडीत होती. रमाकांतराव तिच्याजवळ पाटावर येऊन बसले आणि बोलू लागले. त्या ओळीमुळेच नकार आला याला पुरावा काय? जागा दोनच होत्या. साऱ्या जगातून मुले आली असतील. प्राध्यापकांनी काय लिहिले, कोणास ठाऊक. आणि समजा ओळीमुळेच आला, तर खरे सांगणाऱ्याला जे नाकारतात त्यांच्याकडे जाऊन तरी काय साधणार होते? ते मुद्दे क्रमाने मांडीत होते, एकेक मुद्दा निर्दोष होता, आणि तरीही ते पहिल्या मुद्द्यावर पुन्हा येत होते. सिंधूताई पाखडीत राहिली.

"तुझ्या वेळेला जे झालं," अखेर ते म्हणाले, "ते माझ्या हातून कोणाचं होऊ नये, एवढंच मी पाहिलं."

तिने सूप खाली ठेवले.

"माझ्या पाठीमागं कोणी बोललं, त्याचं मला काही नव्हतं, दादा. तो खोटं बोलला, त्याचं होतं. कोणी पाठीमागं खरं सांगितलं असतं, तर मी त्या घरी नांदले असते. तू खरंच लिहिणार होतास. तुला झाकून लिहायला हरकत नव्हती."

रमाकांतराव पुन्हा पहिल्या मुद्द्याकडे वळू लागले.

"तू चुकलास," ती म्हणाली.