माझ्या दांड्यावर आलेली मोटर

मित्रांनो, मी एका जुन्या स्पोर्ट्‌स कारचं जुनं स्टिअरिंग आहे. आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपले गुण आधी सांगतो. मी मात्र आधी अवगुण सांगून मोकळा होतो. मी फार हेवेखोर आहे. दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही, आणि माझ्या माणसाला दुसऱ्या कुणी मदत केलेली तर मुळीच खपत नाही. या स्वभावामुळे माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीच तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका कारागिराने लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवल्या, गोल वाकवल्या आणि तीन दिवस पकडीत आवळून ठेवल्या. मग पितळी खिळ्यांनी त्या धातूच्या कड्यावर बसवल्या. तो डोळे मिटून माझ्यावरून बोट फिरवायचा आणि बोट जिथे अडेल तिथे पुन्हा घासायचा. शेवटी बोट कुठेच अडेना, तेव्हा त्याने मला खुंटीवर टांगलं आणि जेवायला गेला. कौतुकाचा एक शब्दही न बोलता! मला तेव्हाच राग आला होता. त्याने दुसऱ्या स्टिअरिंगकडे बघून मान डोलावली होती ना.

मला बसवलं ते एका दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या गाडीत. गाडी इतकी हलकी की एकटा माणूस ती ढकलत रस्त्याच्या कडेला नेईल. तिच्यात मदतीला कोणतंही यंत्र नव्हतं. माझ्यामागे एक दांडा, दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चाक, त्याच्याखाली आडवी दातेरी पट्टी, आणि पट्टीच्या दोन टोकांना गाडीची पुढची चाकं. बस, एवढंच. त्यामुळे रस्त्यावरचा बारीक खडा, ओली जागा, डांबराचं ठिगळ, सगळं थरथरत वर माझ्यापर्यंत यायचं आणि माझ्याकडून चालवणाऱ्याच्या हातात जायचं.

ते हात होते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचे. केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरून तिच्या जागी बसवायची, हे त्यांचं रोजचं काम. डोळ्याला दिसत नाही ते त्यांच्या बोटांना कळायचं. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांना गाडी चालवायची हौस नव्हती, शेजारी बसून डोंगर बघायची मात्र फार होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं घाटात जात.

एकदा एका वळणावर ओल्या पानांचा थर पडला होता. पुढची चाकं किंचित घसरू लागली आणि मी बाईंच्या हातात एकदम हलका झालो. केवळ क्षणभर. बाईंनी लगेच वेग कमी केला. वळण संपलं तर समोर एक ट्रक रस्ता अडवून आडवा बंद पडलेला! गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कसं कळलं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मला स्टिअरिंगने सांगितलं."

मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं जगलो. मी स्वर्गात होतो म्हणा ना. रस्ता आणि बाई यांच्यामध्ये आपण एकटेच, तिसऱ्याचं काम नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

वर्षं गेली. मास्तरांनी बाईंच्या वाढदिवसाला गाडीला रुंद टायर बसवून आणले, कारण ते दिसायला ऐटबाज होते. पुढे कुठलासा आवाज येतो म्हणून एका मेकॅनिकने खालची दातेरी पट्टी घट्ट आवळली. आवाज बंद झाला. दांड्याच्या सांध्यांत ग्रीस भरायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी हळूहळू जड होत गेलो. इतका हळूहळू, की बाईंना वाटलं आपलेच हात थकले.

त्या मला पूर्वीपेक्षा घट्ट धरू लागल्या. बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. आणि मला काय वाटावं? मला वाटलं, जुनी ओळख आहे, माया वाढते आहे! मी खुशीत होतो. घाटातून परत आल्यावर बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बराच वेळ नुसत्या बसून राहत. तेही मला प्रेमच वाटलं. माझा सहवास सुटत नाही त्यांना, असं मी समजत होतो.

मग डॉक्टरांनी सांगितलं की अंगठ्यांच्या मुळाशी असलेले सांधे झिजले आहेत. जोर लावायचा नाही, काहीही आवळून धरायचं नाही. घड्याळाचं काम बारीक असलं तरी हलकं, ते चालेल. ही गाडी मात्र नको.

माझ्यावर कापड पडलं. शेजारीच घरातली दुसरी, रोजच्या वापराची गाडी उभी असे. तिचं स्टिअरिंग काळ्या प्लॅस्टिकचं, ना रूप ना रंग, पण एका बोटाने वळायचं. बाई एका बोटाने ते फिरवत, मास्तरांशी हसत बोलत फाटकातून बाहेर पडत. कापडाखाली माझा नुसता तिळपापड व्हायचा. त्या प्लॅस्टिकला रस्त्यातलं काय कळतं? ते काय सांगणार होतं त्यांना? तरी बाई त्याच्याबरोबर हसत होत्याच.

मास्तरांचं म्हणणं होतं की गाडी विकून टाकावी. उभ्या उभ्या गंजण्यापेक्षा कुणी चालवलेली बरी. एक गिऱ्हाईक आलंही. त्या माणसाने जागच्या जागी मला दोनदा फिरवायचा प्रयत्न केला, खांदे चोळले आणि सांगितलं की गाडी घेतली तर सगळ्यात आधी हे लाकडी धूड काढून फेकून देईन. बाईंनी त्याच्यासाठी केलेला चहा त्याला दिला आणि कळवते म्हणाल्या. कळवलं मात्र नाही. तो गेल्यावर त्या कापड बाजूला सारून गाडीत बसल्या. मला हात लावला नाही. नुसत्या बसल्या. दारातून मास्तर बघत होते. दुसऱ्या दिवशी, गाडी विकू म्हणणारे तेच मास्तर कानमामांना घेऊन आले.

कानमामा म्हणजे गावातले जुने मेकॅनिक. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक यंत्राला आणि दुसरं आपल्या कानाला लावून ते आजार ओळखत, म्हणून हे नाव. बोलणं मोजकं. त्यांनी बाईंचे अंगठे पाहिले, मला एकदा फिरवून पाहिलं आणि चार दिवसांनी पिशवीतून एक मोटर आणली. मोठ्या पेल्याएवढी, विजेवर चालणारी, मोडीत निघालेल्या एका लहान गाडीतून काढलेली. बाईंनी मला थोडं वळवलं की उरलेला जोर ती लावणार होती.

आणि त्यांनी ती बसवली कुठे? माझ्याच दांड्यावर! बाई आणि रस्ता यांच्या बरोबर मध्ये. माझ्या पोटात असं दुखू लागलं की विचारू नका.

पहिल्याच दिवशी मी कागदासारखा हलका झालो. बाई अंगणातून वळण घेऊन बाहेर पडल्या तेव्हा मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मोटर गुणगुणत होती. मला तिचं ते गुणगुणणं ऐकवेना. पण घाटात गेल्यावर बाईंनी वेग अगदी कमी केला. परत येऊन कानमामांना म्हणाल्या, "मामा, हात दुखले नाहीत. पण रस्ता कुठे गेला? खाली खडी आहे की पाणी आहे, काहीच कळेना. मला भीती वाटली."

खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाई घाबरल्या होत्या, त्यांचा घाट त्यांच्या हातून सुटत होता, आणि मी खूश होतो! कानमामांनी मोटर काढून फळीवर ठेवली, तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

पण कानमामा तिथे थांबले नाहीत. त्यांनी मला उतरवून फळीवर मोटरच्या शेजारी ठेवलं, दांडा उतरवला, सगळं सुटं करून कापडावर मांडलं. दांड्याचा मधला सांधा त्यांनी हातात धरून वाकवायला पाहिला. तो वाकेचना. गंजून घट्ट बसला होता. दातेरी पट्टी इतकी आवळलेली की खडा आला तरी तिच्यातून थरथर वर चढणार कशी? रुंद टायर तर गाडीच्या वजनाला शोभणारेच नव्हते.

"ताई, चूक माझी," ते म्हणाले. "गंज तसाच ठेवून मी वरून जोर लावला. आधी अडलेलं मोकळं करायला हवं होतं. मग जोर लागलाच तर थोडा."

मित्रांनो, फळीवर मोटरच्या शेजारी पडून मी ते ऐकलं आणि माझी मान खाली गेली. इतकी वर्षं माझ्या जडपणाचा मला अभिमान होता. मी जड, कारण मी खरा. रस्ता जसा आहे तसा पोचवतो, असं मी स्वतःला सांगत होतो. पण गेली कित्येक वर्षं मी बाईंना रस्ता सांगतच नव्हतो. मी त्यांच्या हातात गंज पोचवत होतो. आणि त्या मला घट्ट धरत होत्या ते मायेने नव्हे. त्यांचं दुखत होतं.

कानमामांनी नवा सांधा बसवला, पट्टी हवी तेवढीच सैल केली, ताजं ग्रीस भरलं, पूर्वीच्या मापाचे टायर लावले आणि चाकांचे कोन पुन्हा जुळवले. गाडी मोटरशिवायच निम्मी हलकी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी मोटर परत माझ्या दांड्यावर आली. पण आता तिने गाडी हळू असताना, वळवताना, लावताना मदत करायची आणि वेग वाढला की मागे सरायचं, असं त्यांनी ठरवून दिलं.

मग ते माझ्याकडे वळले. माझी कड फार बारीक होती. ती धरायला अंगठा पूर्ण मिटावा लागे. मास्तर म्हणाले, नवीनच आणू. बाई नको म्हणाल्या. शेवटी ठरलं की माझ्यावर जाड चामडं शिवायचं. म्हणजे कारागिराने घासून घासून चमकवलेलं माझं लाकूड कायमचं झाकलं जाणार. बाईंना सुई ओढणं शक्य नव्हतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर मला ठेवून मास्तर तीन संध्याकाळी शिवत बसले. भूगोलाचा माणूस तो! बोटाला सुई टोचून टोचून बेजार. झाल्यावर बाईंनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून तपासणी केली.

"इथे खाली टाके वाकडे आहेत," त्या म्हणाल्या.

"उसवू का?"

"नको. बोटाला हे वाकडे टाके लागले की स्टिअरिंग सरळ आहे की नाही, ते न बघता कळेल मला."

घाट पुन्हा सुरू झाला. बाईंना खडी कळू लागली, ओल कळू लागली. सगळं छान चाललं होतं, तरी मोटरचं गुणगुणणं कानी आलं की माझ्या मनात यायचं, हिच्याशिवायही मी भागवलं असतं. एकदा ही बंद पडायला हवी. मग बाईंना कळेल, खरं कोण ते.

आणि ती बंद पडली. घाटमाथ्यावर, अरुंद रस्त्यावर, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला दरी. गाडी मागे-पुढे करत वळवायची होती, नेमकी तेव्हा मोटरची वायर निसटली. बंद मोटर माझ्या दांड्याला ओझं होऊन बसली आणि मी एकदम जड झालो. बाईंनी मला ओढलं. अंगठे आवळून पुन्हा ओढलं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त "आई गं" एवढंच, तेही मास्तरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

मी इतके दिवस मागितलेलं ते हेच होतं. त्या क्षणी मला ते नको झालं. मी मनातल्या मनात त्या मोटरला हाका मारू लागलो. ऊठ गं, ऊठ. लाग कामाला.

मास्तरांना ऐकू गेलं होतंच. त्यांनी शेजारून दोन्ही हात लांब करून मला धरलं. बाईंच्या हातांच्या बाजूला. "तू फक्त सांग कुठे," ते म्हणाले, "ओढतो मी." बाई सांगत गेल्या, मास्तर ओढत गेले, आणि पाच-सहा वेळा मागे-पुढे होऊन गाडी वळली. चार हात माझ्यावर पहिल्यांदाच पडले होते. मला कुणाचाही हेवा वाटला नाही.

घरी आल्यावर कानमामांनी वायर पक्की केली. मोटर गुणगुणली, आणि ते ऐकून सगळ्यात आधी मलाच बरं वाटलं. आता बाई मला सैल हाताने धरतात. कधी कधी नुसती बोटं टेकलेली असतात. हेवा पूर्ण गेला, असं मी म्हणणार नाही. कानमामा मोटरचं कौतुक करतात तेव्हा अजूनही थोडं झोंबतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एखादी वस्तू फार घट्ट धरून काम करताना दिसलं, तर सवय आहे म्हणून सोडून देऊ नका. जड जातंय का, म्हणून विचारा. यंत्रांच्या सांध्यांना वेळेवर तेल-ग्रीस द्या. आणि तुमच्या माणसाच्या मदतीला दुसरं कुणी आलं, तर तोंड न फिरवता थोडं सरकून त्याला जागा द्या. माझ्या दांड्यावर मोटरने अडवली आहे ती चार बोटं जागा. ती मला कधी लागलीच नव्हती.